जुनी पोलादी रोड सायकल आणि सिंगल-स्पीड: शोधण्यापासून चालवण्यापर्यंत

जुनी सायकल बघायला गेलं की नजर आधी चकाकणाऱ्या भागांवर जाते. चामड्याची गादी, क्रोमचा क्रँक, नवीन टेप गुंडाळलेलं हँडल. पण टायर, गादी, चेन, ब्रेक, अगदी चाकंसुद्धा बदलता येतात. फ्रेम बदलली तर ती सायकलच उरत नाही. म्हणून जुनी सायकल घ्यायची ती फ्रेमसाठी, आणि घेतल्यावर त्या फ्रेमला असं काहीही करायचं नाही जे पुढच्या मालकाला उलटवता येणार नाही. या लेखातल्या सगळ्या सूचना याच एका आग्रहातून आल्या आहेत.

पोलाद ओळखणं

इथे मुख्यतः १९५० ते १९९० या काळातल्या रोड सायकलींबद्दल बोलू. त्यानंतर आधी ॲल्युमिनियम आणि मग कार्बनने शर्यतीची जागा घेतली. पण त्या काळातल्या सगळ्याच पोलादी फ्रेम एका तोलाच्या नाहीत. स्वस्त सायकलींत साधं हाय-टेन्साइल पोलाद असायचं. त्याची ताकद कमी, म्हणून नळीची भिंत जाड आणि फ्रेम जड. चांगल्या सायकलींत क्रोम-मॉलिब्डेनम किंवा मँगनीज-मॉलिब्डेनम मिश्रधातूच्या नळ्या असायच्या. त्यांची भिंत जोडापाशी जाड आणि मधल्या लांबीत पातळ ठेवलेली असे. अशा ‘बटेड’ नळ्यांचं पेटंट रेनॉल्ड्स कंपनीने बर्मिंगहॅममध्ये १८९७ साली घेतलं आणि १९३५ मध्ये तिची प्रसिद्ध ‘५३१’ नळी आली. इटलीत कोलंबसची ‘एसएल’, जपानमध्ये तांगे आणि इशिवाता ही याच दर्जाची नावं.

नळीचा स्टिकर बहुतेक वेळा सीट ट्यूबवर, म्हणजे गादीखालच्या उभ्या नळीवर असतो. तो नीट वाचा. काही स्टिकर फक्त तीन मुख्य नळ्यांपुरते असतात, काही फोर्क (पुढचं चाक धरणारा दुशाखी भाग) आणि मागच्या नळ्यांसकट सगळ्या फ्रेमचे. स्टिकर निघून गेला असेल, किंवा कुणी नंतर चिकटवल्याची शंका असेल, तर दोन खुणा जास्त भरवशाच्या आहेत. पहिली सीटपोस्टचा, म्हणजे सीट ट्यूबमध्ये शिरणाऱ्या गादीच्या दांड्याचा व्यास. तो २७.२ मिमी असेल तर सीट ट्यूबची भिंत पातळ आहे, म्हणजे नळी बहुधा उत्तम प्रतीची. २६ मिमीच्या खाली गेला तर नळी जाड. फ्रेंच सायकलींत मापं थोडी सरकतात, पण अंदाज यायला ही खूण पुरते. दुसरी खूण मागचे ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो तो भाग. घडीव, जाड आणि कॅम्पानोलो, शिमानो किंवा सनटूरचं नाव कोरलेला ड्रॉपआउट हे चांगल्या फ्रेमचं लक्षण. पत्र्यातून कापलेला सपाट ड्रॉपआउट म्हणजे साधी फ्रेम.

साधी फ्रेम वाईट असते असं नाही. रोजच्या फिरण्यासाठी ती वर्षानुवर्षं टिकते. फक्त तिला उत्तम फ्रेमचा भाव देऊ नका.

सायकलचं वय शोधायला शिमानोचे सुटे भाग फार उपयोगी पडतात. त्यांच्यावर दोन रोमन अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७ असं ते पुढे जातं, आणि २००२ ला पुन्हा ए पासून सुरू होतं. ‘केसी’ दिसलं तर मार्च १९८६. एखादा भाग मधे बदललेला असू शकतो, म्हणून तीन-चार भागांच्या तारखा जुळल्यावरच निष्कर्ष काढा.

कुठे शोधायची, काय विचारायचं

संग्राहकांकडे चांगल्या सायकली असतात, पण किंमतही संग्राहकाची असते. खरी संधी मिळते ती घर आवरणाऱ्यांकडे, बंद होत असलेल्या सायकल दुकानांत आणि शर्यत सोडून बरीच वर्षं झालेल्या सायकलपटूंकडे. ऑनलाइन शोधताना कंपनीच्या नावावरच विसंबू नका. विकणाऱ्याला मॉडेल माहीत नसतं, स्पेलिंग चुकलेलं असतं, जाहिरातीत नुसतं ‘जुनी गिअरची सायकल’ एवढंच असतं. नावं चुकीच्या स्पेलिंगनेही शोधून बघा.

जाण्याआधी फोटो मागवा: चेनच्या बाजूने पूर्ण सायकल, मागचा ड्रॉपआउट जवळून, हँडलखालचा नळ्यांचा जोड, सीट ट्यूबवरचा स्टिकर. सायकल कुठे ठेवली होती आणि शेवटची कधी चालवली, हेही विचारा. घरात ठेवलेली रंग उडालेली सायकल ही उघड्यावर ठेवलेल्या चकचकीत सायकलपेक्षा चांगली.

आकार आधीच पक्का करा. त्या काळातली वरची नळी आडवी सरळ असते, म्हणून दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर नळीवर थोडी जागा राहते का ते पाहा. फ्रेमचं माप सांगताना कुणी नळीच्या मध्यापर्यंत मोजतं, कुणी वरच्या टोकापर्यंत, आणि त्यात सेंटिमीटर-दीडचा फरक पडतो. कुठून कुठे मोजलं ते विचारा. वरच्या नळीची लांबीही मागा. उंची जुळली आणि लांबी चुकली तर पाठ लवकर कुरकुरते. चुकीच्या मापाची सुंदर सायकल घेऊ नका. ती भिंतीला टेकून राहते.

तपासणी

सोबत बॅटरी, व्हर्निअर कॅलिपर, दोरा आणि एक-दोन पाने न्या. इथे घाई करू नका, विकणारा घाई करत असेल तर मुळीच नको.

सुरुवात पुढून. समोरून आदळलेल्या सायकलची खूण वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाला, हेड ट्यूबच्या (हँडलखालची आखूड नळी) जरा मागे सापडते. तिथे बोट फिरवा. रंगाला सुरकुती, आडवी चीर किंवा बोटाला लागणारा फुगवटा असेल तर नळी दुमडली आहे. ती दुरुस्त करायची म्हणजे कुशल फ्रेमकाराकडून नळी बदलून घ्यायची. मग सायकल बाजूने पाहा. फोर्कचा वरचा सरळ भाग हेड ट्यूबच्या रेषेत हवा. तो मागे झुकलेला दिसला तर फोर्क वाकला आहे.

मागच्या भागासाठी दोरा. एका ड्रॉपआउटला बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. आता सीट ट्यूबपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असला तरी पोलादाची फ्रेम जाणकार माणूस थंडच वाकवून सरळ करू शकतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनला ही सवलत नाही.

गंजाला घाबरू नका, पण तो कुठला आहे ते ओळखा. वरवरचा तपकिरी थर घासून जातो. रंगाखाली फोड आले असतील, किंवा तळाच्या ब्रॅकेटपाशी (क्रँकचा एक्सल फिरतो ती जागा) जिथे मागच्या नळ्या जुळतात तिथे धातू खवल्यांनी सुटत असेल, तर प्रकरण आतलं आहे. शक्य झालं तर सीटपोस्ट काढून बॅटरीने आत पाहा, सायकल उलटी करून हलवा. लालसर भुकटीऐवजी पापुद्रे पडले तर सोडून द्या.

यानंतरची परीक्षा अनेकजण विसरतात: सीटपोस्ट आणि हँडलचा स्टेम (हँडल धरून हेड ट्यूबमध्ये उतरणारा दांडा) हलतो का? ॲल्युमिनियमचा पोस्ट पोलादी नळीत वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन धातू आणि ओलावा यांच्या रासायनिक क्रियेने तो आत घट्ट अडकतो. तो सोडवायला कधी एक संध्याकाळ लागते, कधी तो सुटतच नाही. उंची योगायोगाने तुमच्या मापाची नसेल आणि पोस्ट हलत नसेल, तर व्यवहार लांबणीवर टाका.

शेवटी चिरा शोधा. सीट ट्यूबच्या वरच्या तोंडाशी बोल्टच्या दोन कानांना, ड्रॉपआउटच्या मुळाशी, आणि क्रँकवर. १९७० च्या दशकातल्या कॅम्पानोलो नुओव्हो रेकॉर्ड क्रँकमध्ये पेडलची दांडी आणि शेजारचा फाटा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात चीर जाण्याची प्रवृत्ती प्रसिद्ध आहे. तिथलं काळं ग्रीस पुसून, बॅटरी तिरपी धरून पाहा.

चाकं आऊट असणं, टायर कोरडे पडणं, केबल गंजणं, याला दोष मानू नका. ते कामच आहे.

मापांची गुंतागुंत

सुटे भाग मिळतील की नाही, हे बरंचसं देश ठरवतो. तळाच्या ब्रॅकेटचे आटे पाहा. ब्रिटिश आणि जवळपास सगळ्या जपानी सायकलींत १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, कवच ६८ मिमी रुंद आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे. हे भाग आजही सहज मिळतात. इटालियन कवच ७० मिमी, व्यास ३६ मिमी, दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. हेही मिळतात. जुन्या फ्रेंच सायकलींत ३५ मिमी व्यास आणि १ मिमीचा आटा, दोन्ही बाजूंनी सुलटा. स्टेमही २२.२ ऐवजी २२ मिमीचा, त्यामुळे साधा स्टेम बळजबरीने बसवायचा मोह होतो. प्यूजोची पीएक्स-१० ही रेनॉल्ड्स ५३१ ची अतिशय गोड चालणारी सायकल आहे. पण पहिलीच जुनी सायकल घेत असाल, तर १९८० च्या आसपासची चांगली जपानी सायकल घ्या असंच मी सांगेन. मियाता, फुजी, पॅनासॉनिक, सेंच्युरिअन. काम नेटकं, मापं आजच्या भागांना जुळणारी.

मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतरही मोजा. पाच गिअरच्या काळात १२० मिमी, सहा-सातच्या काळात १२६, त्यानंतर १३०. पोलादाची फ्रेम १२६ वरून १३० करून घेता येते, फक्त नंतर दोन्ही ड्रॉपआउट पुन्हा समांतर करावे लागतात.

आणि रिम. २७ इंच लिहिलेलं चाक ६३० मिमीचं, ७०० सी ६२२ मिमीचं. टायर एकमेकांचे बसत नाहीत. २७ इंची चाकांच्या जागी ७०० सी घातलं तर ब्रेकचं रबर ४ मिमी खाली पोचायला हवं. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा असेल तर हा बदल जरूर करा. टायरची निवड खूप वाढते, आणि अनेक फ्रेममध्ये २८ ते ३२ मिमीचा जाड टायर मावतो.

उघडणं आणि पुन्हा जुळवणं

प्रत्येक पायरीचा फोटो काढा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा. क्रँक काढायला पुलर लागतो. त्याचे आटे पूर्ण आत गेल्याशिवाय जोर लावला तर क्रँकचेच आटे सोलून निघतात. मागचं चाक सोडवून नवं विणायचं असेल तर फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसलेला मागच्या चक्र्यांचा संच) आधी काढा. स्पोक कापल्यावर फ्रीव्हील फिरवायला धरायला काही उरत नाही. त्याचं अवजारही कंपनीनुसार वेगळं असतं. जवळपास बसणाऱ्या अवजाराने खाचा मोडतात.

स्टेम काढताना वरचा बोल्ट चार-पाच फेरे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर लाकडी हातोडीने टक्कन मारा. आतली पाचर सुटते. बोल्ट पूर्ण काढून टाकलात तर पाचर आतच राहील. अडकलेल्या सीटपोस्टला भेदक तेल घालून एक-दोन दिवस वाट पाहा, पुन्हा घाला. पोस्ट ॲल्युमिनियमचा असेल तर अमोनिया ऑक्साइड सैल करायला मदत करतो. तो मोकळ्या हवेत, हातमोजे घालून वापरा. मग पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये पकडून फ्रेम हळूहळू फिरवा. उलटं, म्हणजे फ्रेमच्या नळ्या व्हाइसमध्ये धरून पोस्ट फिरवणं, कधीही नको. पातळ नळी चेपते.

बेअरिंग सगळी उघडा. छर्रे बदलणं स्वस्त आहे, जुने पुन्हा घालण्यात अर्थ नाही. बहुतेक रोड सायकलींत तळाच्या ब्रॅकेटमध्ये पाव इंची छर्रे बाजूला ११, मागच्या हबमध्ये पाव इंचीच बाजूला ९, पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची बाजूला १०. कोनावर (एक्सलवरचा निमुळता नट, ज्यावर छर्रे फिरतात) खड्डे दिसले तर कोनही बदला. क्विक रिलीजच्या चाकाचा कोन घट्ट करताना एक गोष्ट सांभाळा. लिव्हर उघडी असताना चाकाला किंचित ढिलाई राहू द्या, ती लिव्हर आवळल्यावर जाते. उघड्यावर अगदी बरोबर बसवलात तर आवळल्यावर बेअरिंग दाबलं जातं.

केबल, आवरणं, ब्रेकची रबरं, टायर, ट्यूब आणि चेन न विचारता नवी घाला. पाच ते सात गिअरच्या फ्रीव्हीलला आठ-स्पीडची चेन चालते. ॲल्युमिनियमचं जुनं हँडल आणि स्टेम यांवर ओरखडा, वाक किंवा चीर दिसली तर तेही बदला, कारण ॲल्युमिनियम सूचना न देता तुटतं. पोलादी रिम ओल्या रस्त्यावर ब्रेकला जवळपास दाद देत नाहीत. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या रिम हा जुन्या सायकलवरचा सगळ्यात मोलाचा खर्च आहे.

रंग मात्र राहू द्या. गंज साफ करा, उघड्या धातूवर संरक्षक थर द्या, नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फवारा. मूळ रंग एकदाच असतो.

गिअर ठेवावेत की सिंगल-स्पीड करावं?

मूळ गिअर पूर्ण आणि चालू असतील तर सायकल जशी आहे तशी ठेवा. मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) हरवलेला, चाक मोडलेलं, पण फ्रेम निरोगी, अशी सायकल सिंगल-स्पीडसाठी उत्तम. आणि कृपा करून डिरेल्युअर टांगायचा कान किंवा केबलची बोंडं कापू नका. ती तिथे राहिल्याने काही बिघडत नाही.

आधी ड्रॉपआउट पाहा. खाच आडवी असेल तर चाक पुढेमागे सरकवून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर वेगळा टेन्शनर लागतो किंवा एक्सेन्ट्रिक हब (एक्सल मध्यापासून बाजूला असलेला). बहुतेक जुन्या रोड सायकलींत खाच आडवी असते, म्हणून त्या या कामाला सोयीच्या.

दुसरी गोष्ट चेनलाइन. सीट ट्यूबच्या मध्यापासून पुढच्या चक्रीच्या दातापर्यंतचं अंतर, आणि मागच्या दोन ड्रॉपआउटच्या मध्यापासून मागच्या दातापर्यंतचं अंतर, एकसारखं हवं. ट्रॅक हबवर हे साधारण ४२ मिमी असतं. दोन चक्र्यांच्या जुन्या क्रँकवर आतली जागा बहुधा याच्या जवळ येते. एकच चक्री लावताना तिचे बोल्ट आखूड लागतात, नाहीतर आवळूनही ती सैल राहते. चेनलाइन चुकली की आवाज येतो, दाते झिजतात आणि फिक्स्ड गिअरवर, म्हणजे पेडल थांबवताच येत नाहीत अशा सायकलवर, चेन उतरते. तिथे उतरलेली चेन मागचं चाक अडवू शकते.

गिअर किती? सुरुवातीला पुढे ४२, मागे १६ घ्या. गुणोत्तर २.६ च्या आसपास, पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ३० किमीच्या जवळ. चढ बरेच असतील तर मागे १८. ४८/१६ वाऱ्याविरुद्ध आणि चढावर गुडघ्यांना महाग पडतं.

चेन ताणताना क्रँक फिरवत राहा. चक्री पूर्ण गोल नसते, त्यामुळे ताण एका जागी जास्त, दुसऱ्या जागी कमी असतो. सर्वात घट्ट जागी चेन मध्यावर सुमारे एक सेंटिमीटर वरखाली व्हायला हवी.

फिक्स्ड सायकल हवी असेल तर हब लॉकरिंगचाच (चक्री बाहेरून जखडणारी रिंग) घ्या. या रिंगचे आटे उलटे असतात, म्हणून पाय मागे रेटले तरी चक्री सुटत नाही. फ्रीव्हीलच्या आट्यांवर फिक्स्ड चक्री चिकटवून चालवणं जिवाशी खेळणं आहे. दुतर्फा हब घेतलात तर एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील ठेवता येतं. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेल्युअरला परवानगी नव्हती. तेव्हाचे स्पर्धक उतरून चाक उलटं फिरवत आणि दुसऱ्या बाजूची चक्री वापरत.

रस्त्यावर

पुढचा ब्रेक असलाच पाहिजे, फिक्स्ड असली तरी. पाय अडवून थांबायला लागणारं अंतर पुढच्या ब्रेकच्या मानाने कितीतरी जास्त असतं. फिक्स्डवर उतार आला की वेग पायांना सोडत नाही. ४२/१६ वर ताशी ४५ किमी म्हणजे मिनिटाला १३५ च्या वर फेरे. वेग चढण्याआधीच ब्रेक धरा. वळणावरही पेडल फिरतच राहतं, म्हणून आतल्या बाजूला जास्त झुकू नका. १६५ मिमीचा क्रँक घेतला तर जमिनीला पेडल लागण्याची भीती कमी होते. पाय अडवून चाक घसरवायची सवय असेल तर ४८/१६ टाळा. गुणोत्तर अगदी ३ असल्याने टायर दर वेळी एकाच जागी झिजतो. ४७/१६ वर तीच झीज १६ जागांवर वाटली जाते.

गिअरच्या जुन्या सायकलवर खालच्या नळीवरच्या लिव्हरना दर गिअरला थांबणारी टकटक नसते. ती सोय शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसवर आणली. इथे हात आणि कानच गिअर लावतात. चढ सुरू होण्याआधी बदला, पेडलवरचा जोर क्षणभर काढा, फिरवत मात्र राहा. लिव्हर जरा जास्त ओढून किंचित परत आणा आणि चेनची खरखर थांबेपर्यंत जुळवा. आठवडाभरात हाताला ते कळतं. सनटूरने १९६४ मध्ये आणलेली तिरप्या समांतरभुजाची रचना यात फार मदत करते. जुन्या सनटूर डिरेल्युअरवर गिअर पडणं आजही सुखाचं वाटतं.

जुन्या सायकलींचा हिशेब समजायला लेरोइका या राइडचे नियम चांगले. ती इटलीतल्या गायओले इन कियान्तीत १९९७ पासून होते. सायकल १९८७ किंवा त्याआधीची हवी, लिव्हर खालच्या नळीवर, पेडलला टो-क्लिप (पाय धरून ठेवणारी पट्टी), ब्रेकच्या केबल हँडलबाहेर मोकळ्या. हे सगळं पाळायची सक्ती कुणावर नाही, पण जुन्या मांडणीतली सायकल कशी चालते हे कळायला एखादी लांब राइड तशी जरूर करून पाहा.

पहिल्या काही राइडनंतर परत पाने घ्या. क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा, कॉटर पिन (क्रँक एक्सलवर अडकवणारी पाचर) असेल तर तिचा नट आवळा, नव्या विणलेल्या चाकाचा आऊट काढा, हेडसेट (हेड ट्यूबमधलं बेअरिंग) सैल झाला आहे का ते पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवून पाहा. दर काही आठवड्यांनी चेनच्या १२ पूर्ण कड्या मोजा. त्या १२ इंचांपेक्षा १/१६ इंचाने वाढल्या की चेन बदला, म्हणजे जुन्या चक्रीचे दाते वाचतात. ते दाते आता सहज मिळत नाहीत.